साधेपणाचा हिशेबनीस : जोसेफ कुमारप्पा

पर्यावरणाचा विषय निघाला की आपल्या नजरेसमोर प्रथम असिसीचे संत फ्रान्सिस येतात, आणि ते स्वाभाविकच आहे. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध केले, तेव्हा त्याचे नावही याच संताच्या स्तुतिगीतावरून घेतले. परंतु विसाव्या शतकात, आपल्याच महाराष्ट्रातील वर्धा शहरात, एका ख्रिस्ती गृहस्थाने काटकसरीच्या आणि साध्या राहणीच्या प्रश्नाचा सखोल विचार केला व तो स्वतः जगूनही दाखविला, याची जाणीव आपल्यापैकी फार थोड्यांना असेल. त्यांचे नाव जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा. ते संत नव्हते, धर्मगुरू नव्हते, कॅथॉलिकही नव्हते. ते प्रॉटेस्टंट पंथीय प्रापंचिक होते आणि व्यवसायाने हिशेबतपासनीस होते. तरीही त्यांचे चरित्र आपल्या वाचकांसमोर ठेवावे असे आम्हांला वाटते. कारण साधेपणा म्हणजे हौसेने केलेला त्याग नव्हे, तर प्रामाणिकपणे मांडलेला हिशेब होय, ही गोष्ट त्यांच्याइतकी स्पष्टपणे फार थोड्यांनी सांगितली आहे.

तंजावर ते न्यूयॉर्क

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे झाला. मराठी माणसाला हे शहर तेथील भोसले राजघराण्यामुळे परिचयाचे आहे. कुटुंब सुशिक्षित तमिळ ख्रिस्ती होते. वडील सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे घराण्याचे आडनाव पाश्चात्त्य होते आणि मुलाचे नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस असे होते. घरात प्रार्थना, शिस्त आणि इंग्रजी शिष्टाचार यांचे वातावरण होते.

तरुण जोसेफ हिशेबशास्त्राच्या शिक्षणासाठी लंडनला गेले. तेथे त्यांनी या व्यवसायातील मान्यताप्राप्त पदवी मिळविली आणि काही काळ कामही केले. १९१९ साली मायदेशी परतून त्यांनी मुंबईत हिशेबतपासणीचा व्यवसाय सुरू केला. व्यवसाय चांगला चालला, पैसा व प्रतिष्ठा दोन्ही मिळाले. उत्तम शिवलेला सूट, नीटनेटके घर आणि वेळेचा काटेकोरपणा ही त्यांची ओळख होती. देशात असहकाराची चळवळ सुरू होती, पण त्यांचे आयुष्य त्या लाटेपासून दूर होते.

१९२७ साली ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज विद्यापीठात वाणिज्य विषयाची पदवी घेतल्यावर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक अर्थशास्त्राचा अभ्यास आरंभिला. तेथील एका चर्चमध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्याच्या कारणांवर त्यांनी दिलेल्या व्याख्यानाचे वृत्त छापून आले. ते वाचून त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्यांना याच विषयावर प्रबंध लिहिण्यास सुचविले. जो माणूस आजवर व्यापारी पेढ्यांची खाती तपासत होता, तो आता एका साम्राज्याची खाती तपासू लागला. कर कोठून येतो, कोणावर खर्च होतो, संपत्ती कोणत्या वाटेने देशाबाहेर जाते, हे आकडे जुळविताना त्यांच्या मनातील इंग्रजी राज्याविषयीचा आदर ओसरत गेला. त्यांच्या आयुष्यातील परिवर्तन भावनेच्या भरात झाले नाही. ते हिशेबाच्या वहीतून झाले.

१९२९ साली ते परतले. त्याच सुमारास त्यांनी व त्यांचे बंधू भारतन यांनी कॉर्नेलियस हे नाव सोडून आजोबांचे कुमारप्पा हे नाव धारण केले. नाव बदलले, श्रद्धा मात्र बदलली नाही. प्रभू येशूवरील निष्ठा आणि आपल्या मातीवरील निष्ठा यांत विरोध नाही, असे ते अखेरपर्यंत मानीत राहिले.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर

आपला प्रबंध गांधीजींनी वाचावा या इच्छेने कुमारप्पा मे १९२९ मध्ये साबरमती आश्रमात गेले. ठरलेल्या वेळेआधी पोहोचल्यामुळे ते परिसरात फिरत राहिले. एका झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून एक वृद्ध गृहस्थ सूत काततांना त्यांना दिसले. कुमारप्पा काठीवर रेलून ते काम पाहत उभे राहिले आणि अधूनमधून खिशातील घड्याळ काढून वेळ बघू लागले. थोड्या वेळाने त्या वृद्धाने, आपणच कुमारप्पा काय, असे विचारले, तेव्हा समोर बसलेली व्यक्ती कोण आहे याचा त्यांना उलगडा झाला. आपल्या उंची पोशाखाची पर्वा न करता ते तत्काळ सारवलेल्या जमिनीवर बसले. बसण्यासाठी खुर्ची आणण्यात आली, पण त्यांनी ती नाकारली.

गांधीजींनी तो प्रबंध 'यंग इंडिया'मधून क्रमशः छापला आणि कुमारप्पांवर गुजरातमधील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचे काम सोपविले. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याचे उत्पन्न, कर्ज, गुरे, पाणी, आहार या सर्वांची नोंद त्यांनी केली. पुस्तकातील अर्थशास्त्राला आता भुकेल्या माणसाचा चेहरा मिळाला. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी 'यंग इंडिया'च्या संपादनाची जबाबदारी सांभाळली आणि त्यापायी तुरुंगवास पत्करला. सूट केव्हाच गेला होता. त्याच्या जागी जाडीभरडी खादी आली होती.

तीन आण्यांचा नियम

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. मदतनिधीचा कारभार चोख राहावा म्हणून कुमारप्पांना आर्थिक सल्लागार म्हणून पाचारण करण्यात आले. त्यांनी स्वयंसेवकांच्या जेवणखर्चासाठी माणशी रोज तीन आण्यांची मर्यादा घातली. मदतनिधी हा निराधारांचा आहे, सेवकांचा नाही, एवढेच त्यामागचे तत्त्व होते.

पुढे गांधीजी आपल्या सहकाऱ्यांसह तेथे आले. त्यांच्या आहारात दूध, फळे यांचा समावेश असे आणि तो खर्च तीन आण्यांत बसणे शक्य नव्हते. कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना नम्रपणे पण स्पष्टपणे कळविले की हा खर्च निधीतून करता येणार नाही. त्याची सोय स्वतंत्रपणे व्हावी. गांधीजींनी चौकशी केली, त्यामागील कारण ऐकले आणि ते मान्य केले. गुरूलाही नियमातून न वगळणारा हा शिष्य गांधीजींच्या मनात कायमचा बसला.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांमध्ये, संस्थांमध्ये व मंडळांमध्ये सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. उधळपट्टीची सुरुवात बहुधा आदरणीय पाहुण्यांच्या नावाने होत असते.

मगनवाडीची प्रयोगशाळा

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि कुमारप्पा त्याचे मंत्री झाले. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपली बाग व इमारत या कार्यासाठी दिली. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेचे नाव मगनवाडी ठेवण्यात आले. पुढील अनेक वर्षे हीच कुमारप्पांची कर्मभूमी ठरली. त्यांनी विवाह केला नाही. एका छोट्याशा साध्या कुटीत ते राहत आणि तेथूनच देशभरातील ग्रामोद्योगांची सूत्रे हलवीत.

मगनवाडीत नेमके काय चालत असे? तेलाची घाणी, भाताचे साळ काढण्याची जाती, हातकागद, मधमाशापालन, साबण, ताडगूळ, कुंभारकाम, खत. वरवर पाहता ही जुन्या धंद्यांची यादी वाटेल. परंतु कुमारप्पा प्रत्येक धंद्याकडे हिशेबतपासनिसाच्या नजरेने पाहत असत, आणि त्यांचा हिशेब दुकानातील किमतीपाशी थांबत नसे.

तेलाचेच उदाहरण घेऊ. गावकरी शेंगदाणे किंवा तीळ शहरातील गिरणीला विकतो आणि तेल विकत आणतो. गिरणीचे तेल स्वस्त पडते, असे त्याला वाटते. पण बियांबरोबर पेंडही गावाबाहेर गेलेली असते. पेंड गेली म्हणजे बैलांचा खुराक गेला, शेणाचा कस गेला आणि सरतेशेवटी जमिनीचा कस गेला. शिवाय गावच्या तेल्याच्या हातचे काम गेले. हे सारे नुकसान किमतीच्या पट्टीवर कोठेच लिहिलेले नसते. तांदळाचेही तसेच. गिरणीत पॉलिश केलेला तांदूळ पांढराशुभ्र दिसतो, पण कोंड्याबरोबर त्यातील जीवनसत्त्वेही निघून जातात. पोषण फेकून देण्यासाठी आपण वर पैसे मोजतो.

कागद चिंध्या, रद्दी आणि गवतासारख्या टाकाऊ मालापासून हाताने बनविला जाई. संघाची 'ग्राम उद्योग पत्रिका' अशाच हातकागदावर छापली जात असे. रॉकेल परदेशातून येते व जळून संपते; गावात बियांचे तेल उपलब्ध आहे; मग दिवा त्यावर का चालू नये, या विचारातून वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' तयार झाला. स्वयंपाकघरातील धुराने स्त्रियांचे डोळे व फुप्फुसे खराब होतात आणि लाकूडही अधिक लागते, म्हणून 'मगनचूल' ही बिनधुराची चूल तयार झाली. यंत्राला त्यांचा सरसकट विरोध होता, हा समज येथेच खोटा ठरतो. ज्या साधनाने माणसाचे कष्ट हलके होतात आणि निसर्गाचे देणेही फिटते, ते साधन त्यांना हवेच होते.

स्वच्छतेचा प्रश्नही त्यांनी हिशेबाच्याच वहीत मांडला. मैला व केरकचरा उघड्यावर पडला तर रोगराई पसरते. तोच खड्ड्यात मातीखाली पुरून कुजविला तर खत मिळते. जे घाण म्हणून टाकले जाते ते शेताचे अन्न आहे, हे ज्या गावाला उमगले ते गाव स्वच्छही राहते आणि सुपीकही. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तेथे 'मगन संग्रहालय' सुरू झाले. वर्ध्याला जाणाऱ्यांना ते आजही पाहावयास मिळते.

तुरुंगातील दोन पुस्तके

१९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनानंतर कुमारप्पांना पुन्हा कारावास भोगावा लागला. प्रकृती ढासळली, पण लेखणी थांबली नाही. तेथे लिहिलेली त्यांची दोन पुस्तके १९४५ साली प्रसिद्ध झाली आणि दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना लाभली. पहिले येशू ख्रिस्ताची शिकवण व आचरण यांविषयीचे होते, तर दुसरे 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स', म्हणजेच चिरस्थायी अर्थव्यवस्था. एकाच कोठडीत, एकाच हाताने ही दोन पुस्तके लिहिली गेली, हे आम्हांला विशेष वाटते. त्यांच्या लेखी शुभवर्तमान आणि अर्थशास्त्र ही दोन वेगळी खाती नव्हती.

दुसऱ्या पुस्तकातील एक विचार आज जगभर मान्य होत आहे. निसर्गाची संपत्ती दोन प्रकारची असते, असे कुमारप्पा सांगतात. एक साठ्याची आणि दुसरी प्रवाहाची. कोळसा, पेट्रोलियम, लोखंड, तांबे हा साठा आहे. जितका उपसाल तितका तो घटतो. नदीचे पाणी, जंगल, शेतातील धान्य हा प्रवाह आहे. जपून वापरला तर तो पुन्हा पुन्हा मिळतो. जो समाज साठ्यावर जगतो त्याला तो संपण्याची भीती असते, म्हणून तो दुसऱ्याच्या साठ्यावर डोळा ठेवतो आणि त्यातून युद्धे जन्मतात. जो समाज प्रवाहावर जगतो तो शांततेने नांदू शकतो. दुसरे महायुद्ध पेटलेले असताना एका कैद्याने हा विचार मांडला होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

याच पुस्तकात त्यांनी प्राणिसृष्टीचे दाखले दिले आहेत. दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारा वाघ, स्वतः न लावलेल्या आमराईत फळे खाणारे माकड, फुलातून मध घेतानाच त्या फुलाला फळधारणेस मदत करणारी मधमाशी, साऱ्या पोळ्यासाठी राबणारा तिचा समूह आणि सरतेशेवटी कोणत्याही परतफेडीची अपेक्षा न धरता पिलाला भरविणारी आई. माणसाने या पायऱ्या चढत सेवेच्या पायरीवर पोहोचावे, ही त्यांची अपेक्षा होती. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

राहणीमानाविषयी त्यांनी केलेली सूचना तर फारच मार्मिक आहे. राहणीमानाला उच्च किंवा नीच म्हणणे चुकीचे आहे. त्याला साधे किंवा गुंतागुंतीचे म्हणावे. साधी राहणीसुद्धा उच्च असू शकते आणि गुंतागुंतीची राहणी हलकी असू शकते. केळीच्या पानावर जेवणारा माणूस कमी प्रतीचा ठरत नाही. जेवण झाल्यावर ते पान गायीच्या किंवा शेळीच्या तोंडी जाते आणि मागे काही उरत नाही. मात्र येथे एक भेद विसरता कामा नये. साधेपणा आणि दारिद्र्य या भिन्न गोष्टी आहेत. ज्याच्या ताटात अन्नच नाही त्याला काटकसर शिकविणे हा क्रूरपणा आहे. कुमारप्पांचा उपदेश ज्यांच्यापाशी गरजेपेक्षा अधिक आहे त्यांच्यासाठी होता, म्हणजेच आपल्यापैकी अनेकांसाठी.

स्वतंत्र भारतातील एकाकी वाट

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांकडे आले. १९४९ साली सादर झालेल्या अहवालात कसणाऱ्याच्या हाती जमीन असावी असा आग्रह होता. परंतु देशाने मोठे कारखाने व मोठी धरणे यांचा मार्ग निवडला होता. कुमारप्पांचे विचार अनेक जुन्या सहकाऱ्यांना अव्यवहार्य वाटू लागले. त्यांचा स्वभावही सौम्य नव्हता. बोलणे परखड, शिस्त कडक आणि तडजोडीची सवय नाही. त्यामुळे माणसे दुरावली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. गरीब देशाला वीज, पोलाद व रेल्वे यांची गरज होती, हे त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे खोटे नव्हते. मात्र त्या विकासाची खरी किंमत कोणत्या वहीत लिहिणार, हा कुमारप्पांचा प्रश्न अनुत्तरित राहिला. आज कोरड्या पडलेल्या विहिरी आणि कचऱ्याचे डोंगर तोच प्रश्न आपणांस विचारीत आहेत.

ते खचले नाहीत. वर्ध्याजवळील सेलडोह गावी त्यांनी 'पन्नै आश्रम' उभारून शेतीचे प्रयोग सुरू केले. तमिळमध्ये पन्नै म्हणजे शेतवाडी. पुढे आजारपणामुळे ते तमिळनाडूत मदुराई परिसरातील टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात राहावयास गेले. तेथील त्यांच्या खोलीत एका गरीब शेतकऱ्याचे छायाचित्र होते. भेटीस येणाऱ्यांना ते दाखवून ते सांगत की गांधीजी आपले गुरू आणि हा शेतकरी आपल्या गुरूंचा गुरू. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्या दिवशीच, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. १९७३ साली ई. एफ. शूमाखर यांचे 'स्मॉल इज ब्युटिफुल' हे पुस्तक जगभर गाजले, तेव्हा त्यात कुमारप्पांच्या विचारांचा आदराने उल्लेख होता. ज्या विचाराला घरी आसन मिळाले नाही त्याला परदेशात सन्मान मिळाला.

आपल्या घरची वही

पाच हजारांना तृप्त केल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास लावले, हा शुभवर्तमानातील प्रसंग आपण दरवर्षी ऐकतो. भाकरी वाढविण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती होते, त्यानेच तुकडा वाया जाऊ दिला नाही. विपुलता असतानाही नासाडी न करणे, हा ख्रिस्ती सद्गुण आहे. कुमारप्पांनी नेमके हेच आयुष्यभर केले. त्यांनी तुकड्यांचा हिशेब ठेवला.

हाच हिशेब आपल्याला घरी मांडता येईल. कोणतीही वस्तू घेताना चार प्रश्न विचारावेत. ही कोठून आली? ही बनविताना कोणाचे हात राबले आणि त्यांना मोबदला मिळाला काय? हिच्यावाचून आपले अडते काय? आणि वापर संपल्यावर ही कोठे जाणार? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की अनेक खरेद्या आपोआप टळतील. बाजाराला जाताना कापडी पिशवी हातात येईल. भांडी धुण्याचे वा भाज्या धुतलेले पाणी परसातील झाडांना जाईल. ओला कचरा खड्ड्यात जाऊन खत होईल. फाटलेल्या चपलेला चांभाराचा टाका पडेल, नादुरुस्त पंख्याला कारागिराचा हात लागेल आणि त्याच्या घरची चूलही पेटेल.

आमच्या मते याची खरी कसोटी आपल्या लग्नसमारंभांत व सणांत आहे. एका सायंकाळच्या जेवणासाठी शेकडो प्लॅस्टिकच्या बाटल्या, ताटात टाकून दिलेले अन्न, दोन दिवसांत फाटणारे फ्लेक्स फलक आणि शोभेसाठी थर्मोकोल! महाराष्ट्र शासनाने २०१८ साली थर्मोकोलच्या ताटवाट्यांसह अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. २०२२ साली देशभर एकदाच वापरून टाकण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. कायदा झाला, पण कायद्याला घाबरून येणारा साधेपणा टिकत नाही. स्टीलच्या पेल्यांतून व पिंपातून पाणी द्यावे, वाढप्यांनी मागेल तेवढेच वाढावे, उरलेले अन्न त्याच रात्री गरजूंपर्यंत पोहोचवावे, फलकाऐवजी चर्चमधील सूचनेने काम भागवावे. यजमानाचा मान यात तसूभरही कमी होत नाही. मात्र अशा गोष्टी एकट्या कुटुंबाने करणे अवघड जाते. शेजारीपाजारी कंजूष म्हणतील अशी भीती असते. म्हणूनच धर्मग्रामाने एकत्र येऊन ठरविले तर कोणालाही संकोच वाटणार नाही, आणि सुरुवात चर्चच्या स्वतःच्या कार्यक्रमांपासून व धर्मगुरूंच्या निवासापासून व्हावी. तीन आण्यांचा नियम पाहुण्यांनाही लागू होता, हे आम्ही धर्मगुरूंनी तर विसरूच नये.

कुमारप्पा वर्ध्याच्या कुटीत राहिले तसे आपण सर्वांनी राहावे, असा आमचा आग्रह नाही. प्रत्येकाचा प्रपंच वेगळा, जबाबदाऱ्या वेगळ्या. पण त्यांची वही मात्र प्रत्येक घरात असावयास हवी. महिनाअखेरीस आपण दूधवाल्याचा, किराण्याचा, विजेचा हिशेब करतोच. त्याच पानावर, आपण या महिन्यात काय वाया घालविले, याची एक ओळ लिहिण्यास काही खर्च येत नाही. ही सृष्टी आपल्या मालकीची नाही; ती परमेश्वराने आपल्या हाती सोपविलेली ठेव आहे आणि ठेवीचा हिशेब एक दिवस द्यावाच लागतो. तो देताना आपली वही कोरी नसावी.